नावाच्या आधी

पत्रिका छापून आल्या त्या दिवशी दादाच्या जेवणाच्या टेबलावर जागा उरली नव्हती. पत्रिकांचे गठ्ठे, पाकिटांचे गठ्ठे, डिंकाची बाटली आणि दोन वाट्यांत कालवलेलं हळदकुंकू. वहिनी एकेका पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावत होती, मागोमाग कुंकवाचं, आणि ओली पत्रिका पंख्याचा वारा लागेल अशी आडवी मांडत होती. आई खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती. तिच्याकडे पाकिटांवर नावं घालायचं काम, कारण आमच्या घरात अजूनही अक्षर म्हटलं की आईचंच. सुरुवात करण्याआधी तिने एक पत्रिका उचलली, चष्मा लावला आणि गणपतीपासून खाली 'कृपया आहेर आणू नये'पर्यंत सगळी वाचून काढली. नातीच्या नावाखाली आजी-आजोबांची ओळ होती. 'कै.' लावून अप्पांचं नाव, मग 'व', मग विधवेच्या नावाआधी घालतात ते 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, लावून आईचं. त्या 'गं. भा.'वर तिचा अंगठा थांबला. शाई वाळली आहे का बघावं तसा तिने तो अंगठा त्या अक्षरांवरून एकदा फिरवला. "छपाई छान आहे," म्हणाली, आणि पत्रिका परत गठ्ठ्यात ठेवली.

दादाच्या मनात काही नव्हतं. त्याने छापखान्यात नावं दिली, 'वडील हयात आहेत का?' असं विचारल्यावर 'नाही' म्हणाला, आणि पुढचं त्यांच्या ठरलेल्या मजकुरातून आपोआप आलं. प्रूफ आम्हा सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलं होतं. तारीख, वार, कार्यालयाचा पत्ता आम्ही तीन-तीनदा तपासला. ती दोन अक्षरं कोणाच्याच डोळ्यांना खुपली नाहीत, माझ्याही नाही. रात्री मी आईच्या शेजारी गादी घातली. दिवा मालवल्यावर बराच वेळ ती या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. मग अंधारातच म्हणाली, "भागीरथी म्हणजे गंगाच ना गं?"

"हो."

"मग दोनदा कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. तिला झोप लागली, माझी गेली. आणि त्या जागरणात, कितीतरी वर्षांनी, मला दापोलीचा तो दगड आठवला.

अप्पा दापोलीला शाळेत इंग्रजी शिकवायचे. रविवारी सकाळी ते आम्हा दोघांना घेऊन फिरायला निघायचे आणि बऱ्याचदा कॅम्पातल्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत येऊन थांबायचे. चहूकडे करवंदीच्या जाळ्या, जांभ्याचे ढासळलेले गडगे, आणि पावसाळ्यानंतर तर प्रत्येक थडग्यावर बोटभर शेवाळ. अप्पा घरून नारळाचं सोडण घेऊन यायचे. त्याने हलक्या हाताने शेवाळ खरवडायचं, मग मी आणि दादाने एकेक अक्षर लावून वाचायचं, अशी आमची इंग्रजीची शिकवणी. आता वाटतं, शिकवणी हे निमित्त असावं. कोणीतरी इतक्या लांबून येऊन इथे पुरलं गेलं आणि त्याचं नावही शेवाळाखाली गेलं, हे अप्पांना बघवत नसणार.

त्यातल्या एका दगडाचा वरचा टवका उडालेला होता. जिचा तो दगड, तिचं नाव नेमकं त्या टवक्यावर गेलेलं. उरलेल्या भागावर पुढची ओळ मात्र शाबूत होती: 'रेलिक्ट ऑफ द लेट कॅप्टन', आणि त्यापुढे कॅप्टनचं ठसठशीत नाव. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मी म्हटलं, "अप्पा, रेलिक म्हणजे जुनी वस्तू ना?" अप्पांनी सोडण खाली ठेवलं आणि माझं बोट धरून शेवटच्या अक्षरावरून फिरवलं. "शेवटी टी आहे, बघ. रेलिक नव्हे, रेलिक्ट." घरी आल्यावर त्यांनी चेंबर्सची डिक्शनरी काढली. पाठ सुटलेली, खळीने आणि खाकी कागदाने डकवलेली. शब्द काढून दिला आणि म्हणाले, "विधवा. धात्वर्थ बघितलास तर, मागे सोडलेली." लॅटिनमधल्या 'सोडून जाणे' या क्रियापदापासून तो शब्द आला आहे, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की बाईचं नाव उडालं आणि ती कोणाची मागे राहिलेली, तेवढं राहिलं. मी पुढचे कित्येक रविवार त्या दगडाच्या भोवतीच्या मातीत तो टवका शोधत होते. सापडला नाही.

अप्पा जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची डिक्शनरी माझ्याकडे आहे, पण त्या रात्रीनंतर मी शोधायला बसले तो सॅम्युअल जॉन्सनचा कोश. जुनी छापील पानं आता पडद्यावर वाचता येतात. १७५५ सालचा तो ग्रंथ, दोन जाडजूड खंड, बेचाळीस हजारांहून जास्त शब्द. लंडनच्या गॉफ स्क्वेअरमधल्या एका घराच्या माळ्यावर सहा मदतनिसांना घेऊन त्याने तो केला. अप्पा वर्गात त्याच्या व्याख्या सांगायचे, पण त्या ठरलेल्या, चमकदार. 'रेलिक्ट' त्यांनी कधी काढून पाहिला होता की नाही, कोण जाणे. 'विडो' या शब्दाची जॉन्सनची व्याख्या कोरडी आहे: जिचा नवरा मेला आहे अशी बाई. 'रेलिक्ट'पाशी आल्यावर मात्र तो नुसतं 'विधवा' लिहून पुढे गेलेला नाही. तो लिहितो, विधवा, आणि मग अर्धविरामानंतर, नवऱ्याच्या मृत्यूने उजाड झालेली बायको.

उजाड. कोशात असा शब्द घालायची काही गरज नव्हती.

जॉन्सनची बायको एलिझाबेथ, तिला तो टेटी म्हणायचा, लग्नाच्या वेळी स्वतःच विधवा होती. तो पंचवीस वर्षांचा, ती शेहेचाळीसची. लोक हसले असणारच. १७५२च्या मार्चमध्ये ती गेली, तेव्हा कोश अर्ध्यावर होता. ३ एप्रिल १७५३ला आपण दुसरा खंड हाती घेतला, अशी त्याने स्वतःच नोंद करून ठेवली आहे, आणि 'रेलिक्ट' त्या दुसऱ्या खंडात येतो. म्हणजे ज्या माणसाने एका रेलिक्टशी लग्न केलं, तोच आता मागे राहिला होता, आणि माळ्यावर बसून त्या शब्दाचा अर्थ ठरवत होता. टेटीची लग्नातली अंगठी त्याने मरेपर्यंत एका छोट्या गोल लाकडी डबीत जपली. डबीच्या आत कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर तिचं नाव, लग्नाचा दिवस आणि मृत्यूचा दिवस लॅटिनमध्ये लिहिला होता, 'हाय' या अर्थाच्या उद्गारासकट. कोशाच्या प्रस्तावनेच्या शेवटी तो सांगतो की ज्यांना हे काम दाखवून खूश करायचं होतं, त्यांतले बहुतेक थडग्यात गेले. मी हे वाचत होते आणि मला आई दिसत होती. अप्पांची चष्म्याची डबी अजून तिच्या उशाखाली असते. आत चष्मा नाही, तो आम्ही देऊन टाकला. डबीत त्यांचं पेन्शनचं जुनं ओळखपत्र आहे आणि पांढऱ्या केसांची एक लहानशी बट.

एकदा हा नाद लागला की थांबवत नाही. मी एकेका शब्दाच्या मागे मागे जात राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी मला आमच्याच घरातली कोणीतरी भेटत गेली.

'लेडी' हा शब्द तर अप्पांनीच आईला सांगितला होता, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभं राहून. मी खाली बसून नारळ खवत होते म्हणून ऐकलं. आईने तांदळाच्या पिठाची उकड काढली होती आणि परातीत ती गरम गरमच मळत होती. शेजारी गार पाण्याची वाटी. बोटं पाण्यात, बोटं उकडीत, पुन्हा पाण्यात, आणि तळहाताच्या मुळाने असा दाब द्यायची की परात फरशीवर सरकत सरकत चुलीच्या ओट्याला टेकायची. हात मनगटापर्यंत लाल. अप्पा म्हणाले, "अगं, तू खरी लेडी आहेस, ठाऊक आहे का?" आईने वर पाहिलंच नाही. अप्पांना कोणी ऐकतंय का याची कधी पर्वा नसायची. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द दोन शब्द जोडून झालेला होता. पहिला भाग म्हणजे भाकर, जो पुढे 'लोफ' झाला. दुसरा भाग म्हणजे मळणारी, आणि कणकेच्या गोळ्याला इंग्रजीत 'डो' म्हणतात तो त्याच गोतातला. लेडी म्हणजे भाकर मळणारी. आणि 'लॉर्ड'? भाकरीचा राखणदार. आईने उकडीचा गोळा तोडून हातावर घेतला आणि म्हणाली, "राखायला काय लागतं? मळायला मनगट लागतं." अप्पांनी ते पुढे आठवड्याभरात शाळेत सगळ्यांना सांगितलं.

त्या दोन शब्दांना नंतर काय काय चिकटलं, रेशमी झगे, हातमोजे, वरच्या सभागृहातली आसनं. पण मला आजही लेडी म्हटलं की परात सरकल्याचा तो आवाज ऐकू येतो.

आणि 'स्पिन्स्टर' म्हणजे आमची आत्या. अप्पांची थोरली बहीण, जन्मभर प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्न केलं नाही. का केलं नाही ते तिने कोणाला सांगितलं नाही आणि आमच्या घराची रीत अशी की कोणी विचारलंही नाही. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. हा 'स्टर' बायकांच्या कामाला लागायचा. 'वेबस्टर' म्हणजे विणणारी, 'ब्रूस्टर' म्हणजे बिअर बनवणारी, 'बॅक्स्टर' म्हणजे पाव भाजणारी. आज ही नुसती आडनावं उरली आहेत, पण आडनावाच्या आत कधीतरी एक काम करणारी बाई होती. सूतकताई हा बिनलग्नाच्या बाईला स्वतःच्या हिमतीवर पोट भरायचा धंदा होता, म्हणून कागदपत्रांत तिच्या नावापुढे 'स्पिन्स्टर' लिहायचे, जसं कोणाच्या नावापुढे सुतार किंवा लोहार लिहावं. सतराव्या शतकापर्यंत तो धंद्याचा शब्द अविवाहितेचं कायदेशीर विशेषण होऊन बसला. चरखे गेले, गिरण्या आल्या, तरी शब्द राहिला आणि त्यात हळूहळू कुजकट वास भरला. इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदणीतून तो निघाला २००५च्या डिसेंबरात.

आत्या खरोखरच सूत कातायची. शाळेत असताना तिच्या पिढीला टकळी शिकवत, ती पुढे तिने सोडली नाही. नंतर पेटीचरखा घेतला, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी घडवला त्या नमुन्याचा. दुपारी सगळे लवंडले की ओटीवर त्याचा बारीक घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा, पेळू तिच्या बोटांतून लांबत जायचा, हात खांद्याच्या मागेपर्यंत जायचा आणि तार तुटता तुटता तुटायची नाही. तिच्या पेन्शनच्या कागदांवर शेवटपर्यंत 'कु.' होतं. कुमारी. एकाहत्तराव्या वर्षी बँकेच्या खिडकीवरच्या पोराने ते मोठ्याने वाचून वर पाहिलं, तेव्हा मी तिच्या बाजूला उभी होते. आत्याने सही केली, पैसे मोजले, पिशवीत ठेवले. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बत्तीस वर्षं शिकवलं मी. त्याचं एक अक्षर नाही नावाच्या आधी."

हे असं होतं. 'हाउसवाइफ' या शब्दाचीच एक तोकडी बोली झाली 'हझी'. पाचशे वर्षांपूर्वी तिचा अर्थ होता घर नीट, काटकसरीने चालवणारी बाई. जॉन्सनच्या कोशापर्यंत येता येता ती झाली वाईट चालीची. त्याच शब्दाचा दुसरा उच्चार राहिला 'हझिफ', म्हणजे सुया, दोरे, बटणं ठेवायची गुंडाळी करता येणारी कापडी पिशवी, जी शिपाई लढाईवर जाताना सामानात ठेवायचे. एका शब्दाच्या दोन लेकी, एक शिवी झाली आणि एक शिपायाच्या पडशीत गेली. 'मिस्ट्रेस'चंही तेच. मालकीण, जिची सत्ता चालते ती, हा तिचा पहिला अर्थ. जॉन्सनही तोच आधी देतो आणि रखेल हा अर्थ तळाशी ठेवतो. आज कोणाला मिस्ट्रेस म्हटलं तर तो तळच वर येतो. याच मिस्ट्रेसचं आखूड रूप 'मिसेस', आणि जॉन्सनच्या काळी ते लावायला नवरा लागत नसे. त्याची मैत्रीण एलिझाबेथ कार्टर, जिने १७५८ साली ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस इंग्रजीत आणला, तिने लग्न केलं नाही आणि ती सगळ्यांना मिसेस कार्टर. त्याच्या घरात राहणाऱ्या, दृष्टी गेलेल्या कवयित्री ॲना विल्यम्स, त्याही अविवाहित, मिसेस विल्यम्स. वयाने, विद्येने, घर चालवण्याने बाईला मिसेस म्हणायचे. नंतर कधीतरी त्या तीन अक्षरांना मंगळसूत्र घातलं गेलं.

आपल्याकडे यातलं काय कमी आहे? माझी आजी कोणा बाईचा नवरा गेला की 'रांडावली बिचारी' म्हणायची, अगदी पाझरलेल्या आवाजात. तिच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ विधवा एवढाच होता. तीच 'रांड' मी रस्त्यावर पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती बाईला चिरडायची शिवी होती. नवरा मेलेल्या बाईचं नाव आणि बाजारात बसलेल्या बाईचं नाव एकच व्हायला मधे कितीजणी कुठल्या वाटेने गेल्या असतील, ते कोशात मिळत नाही. 'श्रीमती' बघा. संस्कृतात नुसती श्रीयुक्त, वैभव असलेली. हिंदीत लग्न झालेली. मराठीत कोणी श्रीमती लिहिलं की आपण आधी कपाळाकडे बघतो.

'विधवा' या शब्दाने तर मला दोन दिवस काही सुचू दिलं नाही. शाळेत बाईंनी फोड करून दिली होती: वि म्हणजे गेलेला, धव म्हणजे नवरा. धव गेला ती विधवा. ही फोड जुनीच आहे, वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्तातही इतर व्युत्पत्तींबरोबर ती आहे. पण भाषांची मुळं शोधणारे सांगतात की झालं उलटं. इंग्रजीतली 'विडो', लॅटिनमधली 'विदुआ' आणि आपली विधवा या सख्ख्या बहिणी आहेत, वेदांच्याही आधीच्या एका आजीच्या. त्या मूळ शब्दात नवरा नाहीच. तुटणं, वेगळं होणं, एवढाच त्याचा अर्थ. नंतरच्या लोकांनी 'वि' हा उपसर्ग समजून तोडला, आणि मागे जो तुकडा उरला त्याला अर्थ हवा म्हणून तो नवरा झाला. म्हणजे धव हा शब्द विधवेच्या पोटी जन्मला. मी हे वाचलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, घरात कोणी नव्हतं, आणि मला एकदम आईला फोन करावासा वाटला. केला. तिने विचारलं, "बरी आहेस ना?" मी काहीतरी लोणच्याचं विचारून ठेवून दिला.

इंग्रजीतही पुरुषाचा शब्द बाईच्या शब्दावरूनच आला. आधी 'विडो', मग तिला शेपूट जोडून 'विडोअर'. एरवी बाईचा शब्द पुरुषाच्या शब्दाला शेपूट लावून होतो, इथे मात्र ती आधी आहे. मराठीत पुरुषाला 'विधुर' म्हणतात, पण ते कोशात आणि लग्न जुळवणाऱ्या मंडळाच्या अर्जात. माझ्या आईचे वडील चाळिशीत विधुर झाले आणि त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांत नातेवाइकांच्या जितक्या पत्रिकांवर त्यांचं नाव छापलं गेलं, तितक्यांवर ते 'श्री.'च होते. आजी गेल्याने त्यांच्या नावाच्या आधीचं काही हललं नाही. आत मात्र पार हललं होतं. ते रोज संध्याकाळी तिच्या तुळशीशी दिवा लावायचे आणि वात सरळ वळता येत नाही म्हणून रडकुंडीला यायचे. त्या उजाडपणाला कोणी संक्षिप्त रूप दिलं नाही. ते बरं झालं म्हणावं की त्यांच्यावर अन्याय झाला म्हणावं, मला ठरवता येत नाही.

२०२३ साली विधवांना सरकारी कागदावर 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव निघाला होता, केवढा गदारोळ झाला. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून टाकला होता की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं इथे चालणार नाही. हेरवाडची बातमी आईने कापून ठेवली होती. २०२३च्या वेळी मी तिच्यासमोर तावातावाने बोलले, तर ती म्हणाली, "ज्याने पहिल्यांदा काढलं असेल ना हे नाव, त्याला काहीतरी चांगलंच म्हणायचं असेल. रंडकी म्हणण्यापेक्षा नदी म्हटलेलं बरं, असं." मी गप्प झाले. कोण्या एका घरात, केस उतरवलेल्या लेकीकडे बघवेना म्हणून एखाद्या बापाने तिला गंगा म्हटलं असेल, हे मला आतापर्यंत सुचलं नव्हतं. पवित्र म्हणायचं आणि हळदकुंकवाच्या ताटापासून लांब बसवायचं, हे दोन्ही मग एकाच नावात मुरत गेलं.

अप्पांच्या वर्षश्राद्धानंतर कधीतरी मी आईला सांगितलं होतं की आता तू पत्रिकांना बोट लाव, वहिनीही तेच म्हणाली. आईने वाटी जवळ ओढली होती. मग "माझा हात थरथरतो, डाग पडतील," म्हणून परत सरकवली. त्याच हाताने ती आज सहाशे पाकिटांवर एकही खाडाखोड न करता नावं घालते.

भाची, म्हणजे जिचं लग्न, ती वनस्पतिशास्त्र शिकली आहे. पत्रिकांच्या दुसऱ्या दिवशी ती पुण्याहून आली. जेवताना मी तिला दापोलीच्या दगडाची गोष्ट सांगितली. ती घास थांबवून म्हणाली, "अगं आत्या, रेलिक्ट तर आम्ही रोज म्हणतो!" त्यांच्याकडे रेलिक्ट म्हणजे एके काळी दूरवर पसरलेल्या कुळातलं, बाकी सगळं नाहीसं झाल्यावर एखाद्या कोपऱ्यात तगून राहिलेलं झाड किंवा जनावर. ती दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला जाऊन आली होती, तिथल्या देवराईत जायफळाच्या कुळातल्या झाडांचं पाणथळ जंगल आहे. महाराष्ट्रात तसं जंगल मिळणं दुर्मीळ. फोनवर फोटो दाखवले. काळसर पाणी, त्यात उभी सरळसोट झाडं, आणि चिखलातून ठिकठिकाणी वर आलेली मुळांची वाकडी ढोपरं. "पाण्याखाली मुळांना श्वास घेता येत नाही ना आजी, म्हणून ती अशी गुडघा वर काढतात," भाची म्हणाली. आईने फोन हातात घेतला आणि चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला.

"बाकीचं जंगल कुठे गेलं?"

"गेलं. तोड झाली, पाणी आटलं, शेतं झाली."

"आणि हे राहिलं." आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आम्ही शिकवलं होतं तसा, आणि त्या ढोपरांकडे बराच वेळ बघत राहिली. "गावाने देवाचं म्हणून राखलं, होय?" फोन परत देताना तिने पदराने त्याची काच पुसली.

जेवणं झाल्यावर टेबल पुसून पुन्हा पाकिटं मांडली. आई लिहीत होती, मी डिंक लावत होते. 'श्री. व सौ.', 'श्री. व सौ.', 'सहकुटुंब सहपरिवार', तिचं पेन एका लयीत चाललं होतं. मधेच, मान वर न करता, म्हणाली, "भागीरथी वरची. देवप्रयागपर्यंत. चारधामला गेलो तेव्हा ह्यांनी मला पायऱ्यांवर उभं करून दाखवलं होतं. एका अंगाने ती खळाळत येते, दुसऱ्या अंगाने अलकनंदा. दोन पाण्यांचे दोन रंग, कितीतरी लांबपर्यंत वेगळे दिसतात. तिथून खाली मग गंगा. तिथून खाली तिला भागीरथी म्हणताना मी तरी कोणाला ऐकलं नाही." तिने यादीवर बोट सरकवलं. "म्हणून विचारलं मी तुला. मला ठाऊक नव्हतं म्हणून नाही."

मी काही बोलले नाही. डिंकाचं बोट हवेत तसंच राहिलं.

यादीत पुढचं नाव तिच्या दापोलीच्या मैत्रिणीचं होतं. शेजारची. अप्पांच्या आधी दोन वर्षं तिचे यजमान गेले. दुपारी दोघी अंगणात बसून आंबोशी करायच्या, कोकमं वाळवायच्या. दादाने यादीत तिच्या नावाआधी रिकामी जागा सोडून शिसपेनीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. आईने पेन टेकवलं, उचललं. पाकीट थोडं तिरकं केलं. मग आपल्या त्या गोल, शाळेतल्या पुस्तकासारख्या अक्षरात मैत्रिणीचं नाव लिहिलं, पहिल्या अक्षराच्या आधी काही न घालता, डाव्या कडेपासूनच. खाली पत्ता. शाई वाळायला पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, वर डिंकाची बाटली ठेवली उडू नये म्हणून, आणि पुढचं घेतलं.